नववं उत्तर उणे आलं तेव्हा

गृहपाठातलं शेवटचं उत्तर उणे आलं आणि मी ते उणे चिन्ह खोडरबराने पुसून टाकलं. न्यूमेरिकल अ‍ॅनालिसिसशी माझी खरी ओळख तिथून झाली (नेमकं उत्तर हाती येत नाही तिथे आकडेमोडीने जवळचं उत्तर काढायचा हा विषय), म्हणून आधी तेच सांगते.

प्रश्न दिसायला साधा होता. क्षचा न-वा घात गुणिले ई (२.७१८... हा स्थिरांक) चा (क्ष − १) वा घात, याचं ० ते १ इंटिग्रेशन करायचं. न ची किंमत १, २, ३ करत ९ पर्यंत न्यायची. बाय पार्ट्‌स केलं की एक सुटसुटीत नातं हाती येतं: पुढचं उत्तर म्हणजे १ वजा (न गुणिले मागचं उत्तर). पहिलं उत्तर १ भागिले ई, म्हणजे ०.३६७८७९. सहा दशांश स्थळं धरा, असं सरांनीच सांगितलं होतं. कॅल्क्युलेटर घेऊन बसले. ०.२६४२४२. ०.२०७२७४. ०.१७०९०४. ०.१४५४८०. ०.१२७१२०. ०.११०१६०. सगळं कसं छान उतरत होतं. आठवं आलं ०.११८७२०. इथे जरा थबकले, कारण उत्तरं उतरतच जायला हवीत आणि हे सातव्यापेक्षा मोठं. पण रात्र बरीच झाली होती. नववं आलं उणे ०.०६८४८०.

ज्या वक्राखालचं क्षेत्रफळ काढायचं होतं, तो वक्र ० ते १ मध्ये आडव्या अक्षाच्या खाली कुठेच जात नाही. क्षेत्रफळ उणे येणं शक्यच नाही. सगळी आकडेमोड पुन्हा केली. तिसऱ्यांदाही केली. तेच. शेवटी उणे पुसलं, ०.०६८४८० ठेवलं आणि झोपले. उतरत्या ओळीत ते शोभूनही दिसत होतं.

वही परत आली तेव्हा त्या जागी लाल शाईत तीनच शब्द होते: ‘उणे कुठे गेलं?’

मी सरांच्या केबिनमध्ये गेले ते ओरडा खायच्या तयारीने. सरांनी वही उघडली आणि म्हणाले, “तुझ्या आकडेमोडीत एकही चूक नाही.”

“मग सूत्र चुकलं का, सर?”

“सूत्रही बरोबर आहे. पहिल्या ओळीत काय लिहिलंस?”

“०.३६७८७९.”

“खरी किंमत?”

कॅल्क्युलेटरवर पाहिलं. ०.३६७८७९४४ आणि पुढे आणखी अंक. म्हणजे मी शेवटचे ४४ सोडून दिले होते, ०.०००००० नंतरचे ४४.

“हे एवढंसं सोडलंस,” सर म्हणाले, “आता त्याचं पुढे काय होतं बघ. दुसऱ्या ओळीत त्याला २ ने गुणलंस. तिसऱ्या ओळीत त्या गुणाकाराला ३ ने. मग ४ ने. नवव्या ओळीपर्यंत किती झालं?”

९ फॅक्टोरियल म्हणजे ३,६२,८८०. त्याला ०.००००००४४ ने गुणलं. जवळजवळ ०.१६. सरांनी कागदाच्या कोपऱ्यात नववं खरं उत्तर लिहिलं, ०.०९१६, आणि मला म्हणाले, “वजा कर.” ०.०९१६ वजा ०.१६, उणे ०.०६८. माझं उत्तर. मी पुसलेल्या चिन्हासकट.

अंगावर काटा आला, खरंच. उत्तर चुकलं होतं याचं काही नाही, उत्तरं चुकतातच. पण ते किती चुकणार, आणि कोणत्या बाजूला चुकणार, हे आधीच सांगता येत होतं. त्रुटी प्रत्येक ओळीला बाजू बदलत गेली होती, एकदा वर, एकदा खाली, आणि नवव्या ओळीला तिची खाली जायची पाळी होती, एवढंच.

मग त्यांनी तेच नातं उलटं करून लिहिलं. मागचं उत्तर म्हणजे (१ वजा पुढचं उत्तर) भागिले न. “आता विसाव्यापासून खाली ये.”

“पण विसावं उत्तर कुठे माहीत आहे?”

“शून्य धर.”

“शून्य नाहीये ना पण ते.”

“नाहीये. धर तरी.”

विसाव्याची खरी किंमत ०.०४५ च्या आसपास असते. तिला शून्य म्हणणं म्हणजे शंभर टक्के त्रुटी. पण आता प्रत्येक पायरीवर त्या त्रुटीला आधी २० ने भागायचं, मग १९ ने, मग १८ ने. नवव्यापर्यंत पोचेस्तोवर ती इतकी चेपली गेली की कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर तिचा मागमूस नव्हता. ०.०९१६१२३. सहा अंक जपून सुरुवात केली तेव्हा चिन्हसुद्धा चुकलं होतं, आणि धडधडीत खोट्या आकड्यापासून निघाले तर दिसतील तेवढे सगळे अंक बरोबर.

त्या दिवशी सरांनी एक फरक सांगितला, तो मराठीत जितका चपखल बसतो तितका इतरत्र बसत असेल असं वाटत नाही. चूक वेगळी, त्रुटी वेगळी. २ गुणिले ३ मी ५ लिहिलं तर ती चूक. अपूर्णांकाची शेपटी कापावी लागली तर ती त्रुटी. चूक सुधारता येते, त्रुटी सांभाळावी लागते. मी अख्खी रात्र त्रुटीला चूक समजून शोधत बसले होते.

खरं तर हा विषय मी मनापासून घेतलाच नव्हता. कॅल्क्युलस मला आवडायचं, कारण तिथे उत्तर नेमकं येतं. पाय बाय फोर म्हणजे पाय बाय फोर, विषय संपला. न्यूमेरिकलबद्दल वरच्या वर्गातल्यांकडून एवढंच ऐकलं होतं की सूत्रं पाठ करा, टेबलं भरा, कॅल्क्युलेटरची बॅटरी तपासून जा. साधारण उत्तर काढण्यासाठी अख्खं सेमिस्टर घालवायचं हे मला जरा कमीपणाचंच वाटत होतं.

पहिल्याच तासाला सरांनी फळ्यावर लिहिलं: कॉस क्ष = क्ष. सोडवा. सगळे चिडीचूप. नेहमीची बीजगणितातली कुठलीच खटपट इथे चालत नाही. मग ते म्हणाले, कॅल्क्युलेटर काढा, १ लिहा आणि कॉसचं बटण दाबत राहा. वर्गभर टकटक सुरू झाली. तीस-पस्तीस वेळा दाबल्यावर सगळ्यांच्या पडद्यावर एकच आकडा थांबला: ०.७३९०८५. माझ्या पडद्यावर दोन-तीनदा दाबल्यावरच ०.९९९८४७७ आला आणि तिथून हलेचना. मला वाटलं माझा कॅल्क्युलेटर इतरांपेक्षा हुशार. शेजारणीने बघितलं आणि फिस्सकन हसली. तो डिग्री मोडमध्ये होता. पद्धत बिनचूक चालली होती, इतरांपेक्षा कितीतरी वेगात चालली होती, फक्त दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देत होती.

सरांनी त्यावरून आम्हाला पहिला सिद्धांत शिकवला: प्रत्येक पायरीला त्रुटी कितीपट होते हे त्या ठिकाणच्या उतारावर ठरतं. रेडियनमध्ये ती दर पायरीला ०.६७ पट होते, म्हणून तीस-पस्तीस वेळा दाबायला लागतं. डिग्रीत ती ०.०००३ पट होते, म्हणून दोनदा पुरतं. माझी फजिती फळ्यावर उदाहरण म्हणून राहिली.

बायसेक्शनवर फार लिहिण्यासारखं नाही. मूळ ज्या दोन आकड्यांच्या मध्ये आहे ते अंतर निम्मं करत जायचं. १ लांबीच्या अंतरातून दहालक्षाव्या भागापर्यंत यायला २० पायऱ्या, कारण २ चा विसावा घात दहा लाखांच्या जरा वर जातो. गाढवासारखी मेहनती पद्धत, पण कधी दगा देत नाही. न्यूटन-रॅफसन मात्र पाहताक्षणी आवडली: वक्राची स्पर्शिका आडव्या अक्षाला जिथे छेदते तो पुढचा अंदाज. २ चं वर्गमूळ काढायला १ पासून निघालो की १.५, मग १.४१६६६७, मग १.४१४२१५७, आणि चौथ्या पायरीला १.४१४२१३५६२३७, इथवर सगळे अंक बरोबर. दर पायरीला बरोबर अंकांची संख्या साधारण दुप्पट होते. हेच अपूर्णांकात लिहिलं तर ३/२, १७/१२, ५७७/४०८. आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रात २ च्या वर्गमुळाची जी किंमत दिली आहे, १ अधिक १/३ अधिक १/१२ वजा १/४०८, तिची बेरीज केली तर नेमके ५७७/४०८ येतात. मी वहीच्या मागच्या पानावर ही बेरीज दोनदा करून पाहिली. बौधायनाने ती कोणत्या वाटेने काढली असेल याचा विचार करण्यात पुढचा अर्धा तास गेला, आणि त्या अर्ध्या तासात सरांनी न्यूटन कधी फसतो ते शिकवलं. ते मला नंतर शेजारणीच्या वहीतून उतरवावं लागलं: क्षचा घन वजा २क्ष अधिक २, सुरुवात शून्यापासून. पुढची पायरी १. त्याच्या पुढची पुन्हा ०. मग १. मूळ बिचारं तिकडे उणे १.७७ जवळ वाट बघतंय आणि आपण शून्य-एक, शून्य-एक करत जागच्या जागी फिरतोय.

लॅबमध्ये तर मी दुसऱ्याच दिवशी मशीन अडकवून ठेवलं. प्रोग्रॅम तीन ओळींचा होता: शून्यात ०.१ मिळवत जा आणि बेरीज १ झाली की थांब. थांबलाच नाही. दहा वेळा ०.१ मिळवल्यावर बेरीज येते ०.९९९९९९९९९९९९९९९९, म्हणजे १ नव्हे. पुढची पायरी १.०९९ वगैरे, आणि मग गाडी सुटली ती सुटलीच. दहावा भाग आपल्या दशमान पद्धतीत एका अंकात मावतो, पण बायनरीत तो १/३ सारखा न संपणारा अपूर्णांक होतो. १९८५ साली ठरलेल्या आयट्रिपलई ७५४ मानकाप्रमाणे ६४ बिटच्या आकड्याला ५३ सार्थ बिट मिळतात, म्हणजे दशमानात साधारण सोळा अंक. बाकीची शेपटी कापली जाते. १ च्या पुढचा यंत्राला माहीत असलेला आकडा सोळाव्या दशांश स्थळाशी बदलतो, हे मी पहिल्या परीक्षेत शून्यं मोजताना चुकवलं होतं. तेव्हापासून मी शून्यं लिहीत नाही, २ चा उणे ५२ वा घात लिहिते.

त्या तासाला सरांनी १९९१ ची गोष्ट सांगितली. आखाती युद्धात, २५ फेब्रुवारीला, सौदी अरेबियातल्या दहरानमध्ये एका अमेरिकन पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारं इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ अमेरिकन सैनिक मेले. त्या यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजायचं, आणि तो दहावा भाग २४ बिटमध्ये कापून ठेवलेला होता. एका टिकटिकीला त्रुटी सेकंदाच्या कोट्यंशांत. पण यंत्रणा सलग १०० तास चालू होती. ३६ लाख टिकटिकी. जमलेली त्रुटी ०.३४ सेकंद, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून जास्त पुढे जातं. माझा लूप आणि तो लूप एकाच ०.१ वर अडखळला होता. लॅबमध्ये त्यानंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही.

वर्गसमीकरणाने माझा आणखी एक भरवसा काढून घेतला. क्ष वर्ग वजा दहा कोटी क्ष अधिक १ बरोबर ०. शाळेत पाठ झालेलं सूत्र वापरा, असं असाइनमेंट. मोठं मूळ दहा कोटीच्या अगदी लगत, ते बरोबर आलं. लहान मूळ यायला हवं दहाकोटीवा भाग. यंत्राने दिलं त्याच्या पाऊणपट, ०.७४५. चौथा भाग गायब! आकडे सोळा, सूत्र बिनचूक, आणि उत्तरात पंचवीस टक्के खोट. कारण सूत्रात दहा कोटीमधून जवळजवळ दहा कोटीच वजा होतात. पुढचे सगळे सारखे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि शिल्लक राहतो तो शेवटचा, कापाकापी झालेला, भरवसा नसलेला भाग. उपाय इतका सोपा की चिडच यावी: दोन मुळांचा गुणाकार १ आहे, मग मोठं मूळ आधी काढा आणि १ ला त्याने भागा. बस्स. हे शाळेतच का सांगत नाहीत, असं मी सरांना विचारलं. ते म्हणाले, शाळेत तुला कोणी दहा कोटी घातले होते?

डेरिव्हेटिव्हची लॅब मला वाटलं त्यापेक्षा मजेची निघाली. दोन जवळच्या बिंदूंमधला उतार काढायचा, आणि ते अंतर लहान लहान करत जायचं. मी सरळ अंतर १० च्या उणे सोळाव्या घातापर्यंत लहान केलं, जितकं लहान तितकं बरं म्हणून. १ ला साइनचा उतार आला शून्य. १ मध्ये इतकं लहान काही मिळवलं की यंत्राच्या लेखी ते १ च राहतं, मग फरक शून्यच येणार. त्रुटीचा आलेख काढला तर तो आधी उतरतो, १० च्या उणे आठव्या घाताच्या आसपास तळ गाठतो आणि मग पुन्हा चढतो. एका बाजूला सूत्राची त्रुटी, दुसऱ्या बाजूला यंत्राची, आणि मधल्या खोबणीत जे मिळेल ते आपलं.

इथपर्यंत माझ्या डोक्यात एक समज पक्का बसला होता: उत्तर बिघडलं की दोष पद्धतीचा. चांगली पद्धत शोधा, प्रश्न सुटला. समीकरणांतून एकेक अव्यक्त काढून टाकणाऱ्या गॉस एलिमिनेशनने तो आणखी पक्का केला. ०.०००१क्ष + य = १ आणि क्ष + य = २. तीनच सार्थ अंक ठेवून सोडवा. पहिलं समीकरण वर ठेवून केलं तर य = १ आणि क्ष = ०. दोन्ही समीकरणांची अदलाबदल करून केलं तर क्ष = १, य = १, आणि खरी उत्तरं त्याला अगदी चिकटून आहेत. नुसती ओळींची अदलाबदल! याला पिव्होटिंग म्हणतात, आणि मिडसेमला हाताने चार बाय चारचं पिव्होटिंग करताना मी एका जागी ७ चा १ वाचला आणि आठ गुण घालवले. (हाताने चार बाय चार सोडवायला लावून नेमकं काय तपासतात हे मला आजतागायत उमगलेलं नाही. दोन बाय दोन पुरे. त्यापुढे तपासलं जातं ते अक्षर.)

मग आली हिल्बर्ट मॅट्रिक्स. पहिली ओळ १, १/२, १/३, १/४... दुसरी १/२, १/३, १/४... दिसायला किती देखणी. सरांनी बारा बाय बाराची घ्यायला सांगितली आणि उजवी बाजू अशी करायला लावली की सगळी बारा उत्तरं १ यायला हवीत. पिव्होटिंगसकट सोडवलं. काही उत्तरं पहिल्या-दुसऱ्या दशांश स्थळालाच घसरली होती. प्रोग्रॅममध्ये चूक असणार म्हणून मी ती उत्तरं समीकरणांत परत घालून पाहिली. समीकरणं जुळली! पंधरा-पंधरा अंकांपर्यंत जुळली. उत्तरं चूक, ताळा बरोबर. ताळा बरोबर आला की उत्तर बरोबर, या एका गोष्टीवर मी लहानपणापासून विसंबून होते.

वही घेऊन पुन्हा केबिन. “सर, ही पद्धत अनस्टेबल आहे, त्रुटी फुगवते.”

“नाही. पद्धतीने तिचं काम चोख केलंय.”

“मग यंत्र?”

सरांनी उत्तर न देता दोन समीकरणं लिहिली. क्ष + य = २. क्ष + १.०००१य = २.०००१.

“सोडव.”

१ आणि १.

“आता उजवीकडे २.०००१ च्या जागी २.०००२ कर.”

य = २. क्ष = ०. मी पेन खाली ठेवलं. ही आकडेमोड मी हाताने, अपूर्णांक न कापता केली होती. यंत्र नाही, राउंडिंग नाही, पद्धतीला नावं ठेवायला जागाच नाही. दोन जवळजवळ समांतर रेषा, एक केसभर हलली तर छेदनबिंदू भलतीकडे. चौथ्या दशांश स्थळाला एक अंक बदलला आणि उत्तर पार दुसरं. प्रश्नच तसा होता.

सरांनी मग कंडिशन नंबर सांगितला: प्रश्नातली त्रुटी उत्तरात जास्तीत जास्त किती पट होऊ शकते त्याचं माप. मॅट्रिक्सच्या बाबतीत हा शब्द अ‍ॅलन ट्यूरिंगने १९४८ च्या एका निबंधात वापरला. युद्धातले गुप्त संदेश फोडणारा ट्यूरिंग मला माहीत होता, समीकरणं सोडवताना शेपट्या कापल्या जातात त्याची काळजी करणारा माहीत नव्हता. दहा बाय दहाच्या हिल्बर्टचा कंडिशन नंबर १६ लाख कोटींच्या घरात जातो. बारा बाय बाराचा तर यंत्राच्या सोळा अंकांना पुरून उरतो. सोळा अंक घेऊन गेलो आणि सोळाच्या सोळा वाटेतच खर्च झाले.

तेव्हा कुठे पहिल्या गृहपाठाचा अर्थ लागला. तिथे प्रश्न धडधाकट होता. ते क्षेत्रफळ निश्चित, कुठल्याही बारीक बदलाने न डगमगणारं. मी धरलेली वाट आजारी होती, म्हणून वाट उलटी केल्यावर सगळं सुधारलं. हिल्बर्टमध्ये वाट धडधाकट होती आणि प्रश्न आजारी. तिथे कितीही वाटा बदलल्या तरी उपयोग नाही, प्रश्नच वेगळ्या तऱ्हेने मांडावा लागतो. दोन्हीकडे लक्षण एकच, चुकीचं उत्तर. सेमिस्टरचा अर्धा भाग संपून गेल्यावर मला या दोन दुखण्यांतला फरक कळला, आणि मग मागची सगळी प्रकरणं मी पुन्हा चाळली. वर्गसमीकरण? वाट आजारी. पिव्होटिंगचं उदाहरण? वाट. डिग्री मोड? ती निव्वळ चूक.

विल्किन्सनची बहुपदी त्याच आठवड्यात शिकवली, बहुधा मुद्दाम. १ ते २० ही मुळं असलेली बहुपदी. मुळं एकमेकांपासून छान सुटी, रांगेत उभी. तिच्यात क्षच्या एकोणिसाव्या घाताचा सहगुणक उणे २१० आहे. त्यात २ चा उणे २३ वा घात एवढा फरक करा, म्हणजे १ चा साधारण ८४ लाखावा भाग. वीसपैकी दहा मुळं संमिश्र (कॉम्प्लेक्स) होतात. मी ते आधी प्रोग्रॅमने करून पाहिलं, मग विश्वास बसला.

नंतरची प्रकरणं भराभर गेली. इंटरपोलेशनची (दिलेल्या बिंदूंमधून वक्र नेण्याची) फरकांची टेबलं मी इतरांसारखीच यंत्रवत भरली. रुंगेचं १९०१ मधलं उदाहरण सोडलं तर त्यातलं फारसं आठवत नाही. सारख्या अंतरावर अकरा बिंदू घेऊन त्यांतून दहाव्या घाताची बहुपदी नेली तर ती मधे गुणी वागते आणि टोकांना बेफाम उसळते. बिंदू वाढवले तर आणखी उसळते. तेच बिंदू टोकांकडे दाटीने मांडले की शांत. क्षेत्रफळ काढायच्या सिम्पसनच्या नियमात पट्टीची रुंदी निम्मी केली की त्रुटी सोळाव्या भागावर येते, हे लॅबमध्ये आकड्यांतून डोळ्यांसमोर उतरलं तेव्हा मात्र बरं वाटलं.

शेवटच्या परीक्षेत शेवटचा प्रश्न ऑयलर पद्धतीचा होता, म्हणजे आताच्या दराने एकेक पायरी पुढे जायचं. यचा बदलाचा दर उणे १००य, सुरुवातीला य = १, पायरी ०.१, पहिल्या तीन पायऱ्यांनंतरची किंमत काढा. मी भरभर सुरू केलं. प्रत्येक पायरीला मागच्या किमतीला १ वजा १० ने, म्हणजे उणे ९ ने गुणायचं. उणे ९. ८१. उणे ७२९. खरं उत्तर तर कायम धन आणि झपाट्याने शून्याकडे विझणारं.

वेळ दहा मिनिटं उरला होता. हात सवयीने खोडरबराकडे गेला, हे खोटं कशाला बोलू. मग उणे ९ तसंच ठेवलं आणि खाली लिहिलं: प्रश्न ठीक आहे, पद्धतही ठीक आहे, या पायरीला ती अनस्टेबल होते; पायरी ०.०२ हून लहान हवी, नाहीतर इम्प्लिसिट ऑयलर (पायरीच्या शेवटचा दर धरणारी) वापरावी. शेजारी इम्प्लिसिटच्या तीन पायऱ्या करून दाखवल्या: १/११, १/१२१, १/१३३१. हे कोणी विचारलं नव्हतं.

बाहेर जिन्यात पेपरावर चर्चा चालू होती. माझी लॅब पार्टनर वैतागून सांगत होती, “शेवटच्यात माझं सूत्र चुकलं यार, सारखं उणे येत होतं. तीनदा तपासलं, शेवटी सोडूनच दिला.”

मी प्रश्नपत्रिका उलटी केली आणि तिच्याकडून पेन मागून घेतलं.